काच घासणाऱ्यांचा इतिहास



मेळाव्याच्या निमित्ताने शाळेला काय भेट द्यावी, या चर्चेत दुर्बिणीचं नाव पुढे आलं आहे. म्हणून दुर्बिणीचा थोडा इतिहास मांडते. तो वाचून आपण तयार दुर्बीण विकत घेण्याचा विचार सोडून द्याल, अशी आशा आहे.

सुरुवात आपल्याच जुन्या राज्यापासून करू. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादला वेधशाळा स्थापन केली आणि तिच्यासाठी १५ इंची दुर्बीण परदेशातून आणवली. त्यांच्या पश्चात, १९०८ मध्ये, ती निजाम सरकारकडे गेली. ताऱ्यांचा नकाशा करण्याच्या आंतरराष्ट्रीय कामात या निजामिया वेधशाळेच्या वाट्याला उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा आला. जालन्याहून पाहिलं तर हा पट्टा दक्षिणेला, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मधोमध दिसतो. काम मोठं झालं. पण दुर्बीण आधी नवाबाची, मग सरकारची, नंतर विद्यापीठाची. मराठवाड्यातल्या शाळकरी पोरांपासून ती लांबच राहिली.

दुर्बिणीचा दुसरा इतिहास हातांचा आहे. विल्यम हर्शेल इंग्लंडमधल्या बाथ गावात संगीत शिकवायचे. मनासारखी मोठी दुर्बीण विकत घेणं परवडेना, म्हणून १७७३ मध्ये ते घरीच धातूचे आरसे घासू लागले. एकदा तर सलग १६ तास त्यांनी आरशावरून हात काढला नाही. बहीण कॅरोलिन त्यांना घास भरवत होती. स्वतः केलेल्या दुर्बिणीतूनच १७८१ मध्ये त्यांना युरेनस सापडला. घास भरवणाऱ्या कॅरोलिनने पुढे, १७८६ मध्ये, स्वतःचा पहिला धूमकेतू शोधला.

जालनेकरांना जवळची वाटेल अशी गोष्ट अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची. हे यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांचं छोटं गाव. तिथे १९२० मध्ये रसेल पोर्टर यांनी आरसा घासण्याचा वर्ग सुरू केला. शिकणारे बहुतेक कारखान्यातले कारागीर, आणि त्यांत एक बाईही होती. हातात कसब होतंच, ते काचेकडे वळलं. आपल्याकडे पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे, आणि आयुकाने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळाही घेतल्या.

आता कृती. काचेच्या दोन जाड तबकड्या घ्यायच्या. खालची पिंपावर पक्की बसवायची. मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून वरची तबकडी पुढे-मागे घासायची, थोडी थोडी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती फिरत राहायचं. वरची तबकडी मधोमध झिजते, खालची कडेला. म्हणून वरची आपोआप खोलगट होते. जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत असं करत जायचं. सहा इंची, ४८ इंच नाभीय अंतराच्या आरशाची मधली खोली जेमतेम १.२ मिलिमीटर असते. पण तो डोळ्याच्या बाहुलीच्या चारशेहून अधिक पट प्रकाश गोळा करतो.

पॉलिश मात्र पिचवर, म्हणजे डांबरासारख्या राळेवर होतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते फारच मऊ पडेल. म्हणून श्रावणात घासायला घ्यावं, दिवाळीनंतर पॉलिश करावं, आणि माघातल्या निरभ्र रात्री दुर्बीण गच्चीवर न्यावी. ॲल्युमिनियमचा मुलामा तेवढा बाहेरून करून आणावा लागेल.

यातलं खरं शिक्षण तपासणीत आहे. आरशावरची चूक ७० नॅनोमीटरच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाच्या आत हवी. ती पकडायला एक दिवा आणि एक ब्लेड पुरतं. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये ही युक्ती काढली. आरशावरून परतलेला प्रकाश जिथे एकवटतो तिथे ब्लेड सरकवलं, की काचेवरचे उंचवटे-खळगे सावल्यांत दिसू लागतात. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा चुकीचा घासला गेला, कारण तपासणीचं उपकरणच चुकीचं जोडलेलं होतं. साध्या चाचण्यांनी चूक दाखवली होती, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दिवसभर हेच करतो: आपलं काम तपासतो आणि तपासणीही तपासतो. मुलांना हे नववीतच, हाताने शिकता येईल.

विकतची दुर्बीण महाग, म्हणून ती कपाटात जपली जाते आणि किल्ली हरवते. शाळेत घडलेली दुर्बीण बिघडली तर ती दुरुस्त करणारी मुलं शाळेतच असतील. म्हणून माझी सूचना अशी: बॅचच्या वतीने तबकड्यांच्या चार जोड्या, पुडी, पिच आणि एक पिंप द्यावं. सरांनी प्रयोगशाळेचा एक कोपरा द्यावा. आणि जालन्यात राहणाऱ्या आपल्यापैकी दोघातिघांनी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरचे दोन तास द्यावेत. पैसे जमतील; आधी या तासांसाठी नावं कळवा.