प्रवाळातून पाण्याचा माग

किरणोत्सारी कार्बन म्हटले की बहुतेकांना उत्खनन आठवते. इनामगावसारख्या ठिकाणी मातीत सापडलेला कोळशाचा तुकडा प्रयोगशाळेत जातो आणि त्याचे वय कळते, एवढी या कार्बनची ओळख मराठी वाचकाला असतेच. पुढील पानांत त्याची दुसरी बाजू येणार आहे. इथे वयाचा प्रश्न आधीच सुटलेला असतो. प्रवाळाच्या सांगाड्यातला अमुक थर १९७६ सालचा, हे थर मोजूनच ठाऊक झालेले असते. मग कार्बन-१४ मोजायचा कशाला? तर त्या वर्षी त्या प्रवाळावरून वाहणारे पाणी कुठून आले होते, हे विचारायला. घड्याळ म्हणून नावाजलेला हा कार्बन इथे पाण्याचा पत्ता सांगतो. वाचकांनी एवढी एक गोष्ट मनाशी धरली, तरी या विषयात पाऊल टाकणे सोपे जाईल.

उष्णकटिबंधातल्या समुद्रांकडे लक्ष द्यायला आपल्याकडे कारणे पुष्कळ आहेत. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात उबदार आणि थंड पाण्याची मांडणी बदलली की एल निनो येतो, आणि त्याचा धसका विदर्भात कापूस पिकवणाऱ्यालाही असतो. पण ही मांडणी पूर्वी कशी होती हे सांगणाऱ्या नोंदी तुटपुंज्या आहेत. १९७२ ते १९७८ या काळात जिओसेक्स नावाच्या मोठ्या सागरी मोहिमेने अटलांटिक, प्रशांत आणि हिंदी महासागरांत ठिकठिकाणचे पाणी निरनिराळ्या खोलीवरून गोळा केले आणि त्यातला कार्बन-१४ मोजला. काम फार मोलाचे झाले. तरी जहाज एका जागी येते, बाटल्या भरते आणि पुढे जाते. आदल्या वर्षी तिथे काय होते, याचे उत्तर त्या बाटलीत नसते. त्यासाठी एकाच जागी ठाण मांडून बसलेला आणि न चुकता टिपण ठेवणारा कोणीतरी हवा. उथळ, उबदार पाण्यातले प्रवाळ शतकानुशतके हेच काम करत आले आहे.

मराठीत प्रवाळ म्हटले की आधी पोवळ्याची अंगठी डोळ्यांसमोर येते. दागिन्यातले लाल पोवळे वेगळ्या कुळातले. इथे बोलायचे आहे ते खडक रचणाऱ्या प्रवाळाविषयी. इवल्याशा जिवांची ही वसाहत समुद्राच्या पाण्यात विरघळलेले कार्बन आणि कॅल्शियम घेऊन चुन्याचा सांगाडा घडवते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात असे प्रवाळ आहे. कोकण किनाऱ्यापासून दूर समुद्रात, आंग्र्यांचे नाव मिरवणाऱ्या अँग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरही आहे. तुम्हाला कधी पाहण्याचा योग आला तर जरूर निरखून पाहा, पण उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण आहे. संशोधकांचे विशेष आवडते ते पोरायटीस जातीचे प्रवाळ. ते घुमटासारखे वाढते, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. जिवंत असतो तो वरचा पातळ पापुद्रा. त्याखाली एकावर एक रचलेला जुना सांगाडा. मीटरभर जाडीच्या घुमटात शंभरेक वर्षांचे पाणी, म्हणजे त्या त्या वर्षीच्या पाण्यातला कार्बन, जागच्या जागी बंद होऊन राहिलेला असतो.

पण हे थर वर्षाचेच कशावरून? याचे उत्तर मिळाले ते एका विषण्ण करणाऱ्या ठिकाणी. मार्शल बेटांतल्या एनेवेटाक या प्रवाळद्वीपावरच्या लोकांना १९४७ मध्ये हलवण्यात आले आणि १९४८ ते १९५८ या काळात अमेरिकेने तिथे ४३ अणुस्फोट केले. तिथले प्रवाळ त्या सगळ्यातून वाढत राहिले, आणि स्फोटांतली किरणोत्सारी द्रव्ये त्याच्या सांगाड्यात शिरली. नुटसन, बडेमायर आणि स्मिथ या तिघांनी अशा प्रवाळाचे उभे काप घेतले. काप फिल्मवर ठेवला की किरणोत्सारी थर आपले चित्र आपणच उमटवत; त्याच कापाची क्ष-किरण प्रतिमा घेतली की दाट आणि विरळ पट्ट्यांची जोडी-जोडी दिसे. स्फोट कोणत्या साली झाले हे माहीत होते. त्या खुणांच्या आधाराने पट्ट्या मोजल्या, तेव्हा एक दाट आणि एक विरळ पट्टी मिळून एक वर्ष होते हे पक्के ठरले. त्यांचा हा निबंध १९७२ चा. या शाखेत नव्याने येणाऱ्याने पहिल्यांदा ती क्ष-किरण चित्रे पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

आता कार्बनकडे वळू. वातावरणाच्या वरच्या थरात विश्वकिरणांमुळे नायट्रोजनपासून कार्बन-१४ सतत तयार होत असतो. त्याचे प्रमाण अतिशय अल्प, एक लाख कोटी कार्बन अणूंमागे जेमतेम एखादा. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. हवेशी संपर्कात असलेल्या पाण्यात तो विरघळत राहतो. जे पाणी खोल बुडून हवेपासून तुटले त्यातला मात्र हळूहळू घटत जातो. म्हणून खोलचे पाणी या हिशेबात ‘म्हातारे’ असते. पृष्ठभागाचे पाणीसुद्धा अगदी तरुण नसते, कारण खालचे पाणी त्यात मिसळत असते. सरासरीने ते हवेच्या मानाने सुमारे ४०० वर्षांनी जुने भासते. शास्त्रज्ञ हा फरक १९५० च्या हवेच्या ठरावीक मापाशी ताडून दर हजारी सांगतात. अणुस्फोटांपूर्वी, महासागरांच्या मध्यभागी जिथे पाणी फारसे वर-खाली होत नाही तिथे हा आकडा उणे ५० च्या आसपास होता. पूर्व प्रशांतात गॅलापागोस बेटांशी, जिथे खालचे पाणी सतत वर येते, तिथे तो उणे ७० च्या जवळ होता.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विद्येचा प्राण तोच आहे. खालून वर आलेले थंड पाणी उन्हाने तापायला फार वेळ लागत नाही. काही आठवड्यांत त्याचे तापमान शेजारच्या पाण्यासारखे होते आणि ते कुठून आले ही खूण पुसली जाते. कार्बन-१४ चे तसे नाही. हवा आणि पाणी यांच्यातली त्याची देवघेव इतकी संथ असते की पृष्ठभागाच्या पाण्याला हवेशी जुळवून घ्यायला दहा-एक वर्षे लागतात. तेवढ्या काळात पाणी शेकडो मैल वाहत जाते आणि मूळ ठिकाणाची खूण अंगावर बाळगते. तापमान आज पाणी किती गरम आहे ते सांगते. कार्बन-१४ त्याच्या वाटेविषयी बोलतो.

उणे ५० आणि उणे ७० यांत अंतर तसे थोडेच. ते वाढवले माणसाने. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९६० च्या आरंभी वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ इतका वाढला की १९६३-६४ पर्यंत उत्तर गोलार्धात तो जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ च्या करारानंतर अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणातल्या चाचण्या थांबवल्या, आणि हवेतला आकडा उतरू लागला. पृष्ठभागाच्या पाण्यात मात्र तो चढतच होता. १९७० च्या दशकात शांत मध्यसागरात तो अधिक दीडशेच्या घरात गेला. खोलच्या पाण्यापर्यंत ही लाट पोचली नव्हती. त्यामुळे वरचे आणि खालचे पाणी यांत पूर्वी जे वीस-तीसचे अंतर होते ते शंभराच्या पुढे गेले, आणि खालचे पाणी जिथे जिथे वर आले तिथे तिथे ते प्रवाळात ठसठशीत उमटले. ज्या स्फोटांनी माणसे देशोधडीला लावली, त्यांच्याच राखेने समुद्राच्या वाटा दिसू लागल्या; ही गोष्ट लिहिताना मन हलके राहत नाही, आणि राहूही नये.

प्रवाळाच्या वर्षवलयांत हा सारा चढ-उतार वाचता येतो, हे १९७० च्या दशकात एलन ड्रफेल यांनी फ्लोरिडाच्या प्रवाळावर दाखवले. पुढे त्यांनीच गॅलापागोसचे प्रवाळही मोजले. तेव्हा एका मोजणीला काही ग्रॅम कार्बन लागे, म्हणजे अख्ख्या वर्षाचा थर खर्ची पडे. नंतर अणू थेट मोजणारी त्वरकयंत्रे आली आणि एक मिलिग्रॅम कार्बन पुरू लागला. आज ही प्रक्रिया पाहायला मिळाली तर तुम्ही रमून जाल. पाणबुडे घुमटाच्या माथ्यावरून पोकळ ड्रिल सरळ खाली घालतात, लांबट कांडी काढतात आणि पडलेले भोक बुजवतात, म्हणजे वरचे जीव त्यावर पुन्हा पसरतात. कांडीचा पातळ काप करून क्ष-किरणाने थर पाहतात. मग दंतवैद्याचे असते तसे बारीक ड्रिल घेऊन, वाढीच्या रेषेने, मिलिमीटर मिलिमीटर खरवडत जातात. खाली पडणारी भुकटी तांदळाच्या पिठीसारखी, पांढरी आणि मऊ. अशी आठ-दहा मिलिग्रॅम भुकटी आम्लात विरघळवली की कार्बन डायऑक्साइड निघतो; लोहाच्या साहाय्याने त्याचे ग्राफाइट करतात आणि ते यंत्रात जाते. त्या चिमूटभर भुकटीत समुद्राचा महिना-दीड महिना असतो.

एवढी बारीक मोजणी हाती आल्यावर काय दिसू शकते, त्याचे सर्वांत बोलके उदाहरण गॅलापागोसचे. विषुववृत्तावर पृष्ठभागाखालून एक प्रवाह पूर्वेकडे वाहतो. टाउनसेंड क्रॉमवेल यांनी १९५२ मध्ये तो शोधला. हा प्रवाह या बेटांवर येऊन धडकतो आणि त्याचे पाणी वर येते. थॉमस गिल्डरसन आणि डॅनियल श्राग यांनी तिथल्या प्रवाळाची वर्षात अनेकदा पडणारी नोंद काढली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. दरवर्षी थंड ऋतूत, खालचे पाणी वर येई तेव्हा, आकडा खाली जाई आणि उबदार ऋतूत वर येई. रेषा करवतीच्या दात्यांसारखी. १९७६ मध्ये मात्र खालची टोके अचानक वर सरकली आणि तिथेच राहिली. म्हणजे थंड ऋतूत पाणी वर येतच होते, पण त्यात खोलच्या जुन्या पाण्याचा वाटा कमी झाला होता. एल निनोची वारंवारता आणि जोर बदलला तो याच सुमारास. एका दगडी कांडीने समुद्राच्या पोटातली ही उलथापालथ नेमक्या सालासह सांगावी, हे मला आजही थक्क करते.

आपल्याकडेही हे काम झाले आहे, आणि मराठी वाचकाला त्यातला एक धागा घरचा वाटेल. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९९४ मध्ये कच्छच्या आखातातल्या चाळीस वर्षांच्या प्रवाळाचे थर मोजले. हवेत कार्बन-१४ किती होता हे कळण्यासाठी त्यांनी जोडीला घेतला तो ठाण्याचा साग. झाडाचे वलय त्या वर्षीची हवा साठवते, प्रवाळाचा थर त्या वर्षीचे पाणी. ठाण्याच्या सागात शिखर आले १९६४ मध्ये, दर हजारी सुमारे ६३०. उत्तर गोलार्धाच्या सरासरीपेक्षा बरेच कमी. या दोन नोंदी एकत्र मांडून त्यांनी हवा आणि आखाताचे पाणी यांच्यातली कार्बनची देवघेव काढली. खुल्या अरबी समुद्राचे पाणी आखातात किती वेगाने येते याचाही हिशेब केला: वर्षाला अवघे २८ मीटर. भरती-ओहोटीची ओढ ज्याने तिथे पाहिली आहे त्याला हा आकडा अविश्वसनीय वाटेल. पण भरतीने आत आलेले पाणी ओहोटीने बहुतांशी परत जाते. खरी अदलाबदल उरते ती एवढीशी. कार्बन-१४ ला दिसते ती ही उरलेली, निव्वळ गती.

वाचकांनी सावध कुठे राहावे, तेही सांगायला हवे. प्रवाळ सजीव आहे आणि कार्बन घेताना त्याच्या आवडीनिवडी असतात. कार्बन-१३ च्या मापाने ती चूक दुरुस्त केलेली असते, त्यामुळे तिची फार चिंता नको. खरी अडचण वेगळी. आकडा बदलला तो पाण्याची वाट बदलली म्हणून, की वारा वाढून हवेशी देवघेव वाढली म्हणून? एकट्या प्रवाळाकडे याचे उत्तर नसते. शेजारच्या बेटाचे, प्रवाहाच्या वरच्या अंगाचे दुसरे प्रवाळ साक्षीला लागते. नाउरू, इंडोनेशियाच्या सामुद्रधुन्या, सुमात्रा, केनिया अशा ठिकाणच्या नोंदी म्हणूनच शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. हजारो वर्षांपूर्वीच्या मृत प्रवाळात तर साल मोजायला वरचा जिवंत पापुद्राच नसतो. तिथे युरेनियम आणि थोरियम यांवरून वय ठरवतात. बार्बाडोसच्या प्रवाळावर १९९० मध्ये हे फार सुंदर रीतीने झाले. त्या शाखेला स्वतंत्र वाचन लागेल.

सुरुवात करताना जगाचा नकाशा जवळ ठेवा आणि त्यावर प्रवाहांच्या रेषा पेन्सिलीने काढून घ्या. कोणताही आलेख आला की आधी पाहा, प्रवाळ कुठल्या पाण्यात बसले आहे आणि त्याच्याकडे पाणी कुठून येऊ शकते. गॅलापागोस आधी वाचा, मग कच्छ. कच्छच्या आलेखापाशी थोडे थांबा. १९६४ च्या उभ्या रेषेवर बोट ठेवा: ठाण्याच्या सागाची रेषा तिथे माथ्यावर आहे, आखातातल्या प्रवाळाची खूप खाली. त्या दोन बिंदूंमधल्या जागेत हवा आणि पाणी यांच्यातली संथ देवघेव आहे, आणि आखातात येणारे अरबी समुद्राचे पाणी.