मियाजिमाचं सुतक

जपून पाऊल टाका, फळ्या ओल्या आहेत. साल १५५५, पानगळीचे दिवस. जपानमधल्या मियाजिमा बेटावरच्या इत्सुकुशिमा मंदिराच्या लांबलचक ओवरीत तुम्ही उभे आहात. पुढ्यात गुडघे टेकून बसलेली माणसं समुद्राच्या पाण्यानं फळी न् फळी घासताहेत. ओहोटी आहे. शेंदरी खांबांच्या बुडाशी रेती उघडी पडली आहे. वर ओतलेलं पाणी फळ्यांमधल्या फटींतून खाली गळतं आणि रेतीवर तांबूस डाग पडतो. लगेच दुसरी बादली.

या फटी मुद्दाम ठेवलेल्या. उधाणाच्या भरतीला खालून पाण्याचा रेटा बसतो; फट नसती तर तक्तपोशी उचकटून निघाली असती. तायरा नो कियोमोरीनं ११६८ च्या सुमारास मंदिराला हे भव्य रूप दिलं, तेही भरतीच्या पाण्यावर, कारण हे अख्खं बेटच देव. देवाच्या अंगावर पाया कसा खणायचा? म्हणूनच इथे बाळंतपण होऊ देत नाहीत, मरणही नाही. दिवस भरत आले की बाईला खाडीपलीकडे नेतात. मढं पुरायचं तेही पलीकडेच.

आणि काल पहाटे इथे प्रेतांचा खच पडला.

सरदार मोरी मोतोनारीनं आपला शत्रू सुए हारुकाता याच्या कितीतरी मोठ्या फौजेला याच बेटावर खेचून आणलं. परवा रात्री ऐन वादळात त्याच्या होड्या दुसऱ्या अंगाला लागल्या, आणि उजाडताना त्याची माणसं डोंगर उतरून गाफील छावणीवर तुटून पडली. हारुकाता किनाऱ्यानं पळाला. पण निसटायला होडी मिळेना, तेव्हा त्यानं स्वतःच जीव दिला.

टेकडीवरचा पाचमजली पॅगोडा बघा, १४०७ सालचा. कालपर्यंत तिथेच सुएचा तळ होता. आता रक्त मुरलेली माती खरवडून टोपल्यांत भरताहेत. कुणाचं रक्त, हे कुणी विचारत नाही. प्रेतं होडीतून पलीकडे ओनोच्या किनाऱ्याला चालली आहेत. हुकूम मोतोनारीचाच.

देवाच्या बेटाचा सापळा त्यानंच केला, हे मला विसरता येत नाही. तरीही जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं हे सुतक आपल्या अंगावर घेतलं, याची किंमत माझ्या लेखी त्या विजयाहून मोठी आहे. पुढे १५६८ मध्ये तो याच पाण्यात नोह नाट्याचा रंगमंच बांधून देईल. तो दिवस अजून दूर आहे. आजपासून सात दिवस मात्र इथे मेलेल्यांसाठी नृत्य-संगीत आणि बौद्ध सूत्रांचं पठण चालणार आहे, आणि त्याआधी ही ओवरी या टोकापासून त्या टोकापर्यंत धुऊन व्हायला हवी.