घराट आणि रुडकी

औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांस पाण्याच्या बळावर जाते फिरावे यात नवल वाटावयाचे नाही. मात्र ती पाणचक्की आता दर्ग्याच्या आवारातील एक प्रेक्षणीय वस्तू होऊन राहिली आहे. हिमालयातील पाणचक्कीचे तसे नाही. तिला गढवाल-कुमाऊंत घराट म्हणतात, नेपाळात घट्ट म्हणतात. आणि काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत ती शतकानुशतके डोंगरी गावाच्या संसाराचे एक अंग होऊन बसलेली आहे.

घराटाची रचना साधी, पण विचार करावयास लावणारी आहे. ओढ्याचे थोडे पाणी पाटाने वळवावयाचे, पोखरलेल्या ओंडक्याच्या पन्हळीतून ते तिरपे खाली सोडावयाचे, आणि त्या धारेने लाकडी पात्यांचे आडवे चक्र फिरवावयाचे. चक्राचा आस उभा असतो. तो जात्याच्या खालच्या दगडातील छिद्रातून वर येऊन वरचा दगड फिरवतो. माथ्यावर धान्याची टोपली टांगलेली असते आणि तिच्याशी जोडलेली एक काठी फिरत्या दगडावर नाचत असते. तिच्या हिसक्यांनी दाणे थोडे थोडे जात्याच्या मुखात पडतात. पाणी वाढले की दगडाचा वेग वाढतो, काठी अधिक नाचते, दाणेही अधिक पडतात. पाणी ओसरले की खुराकही आपोआप कमी होतो. ज्याने ही युक्ती प्रथम योजली त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, परंतु तो यंत्रज्ञ होता यात शंका नाही. दळणाचे मोल बहुधा पैशाने नव्हे, तर पिठाच्या वाट्याने चुकते होई. दगड संथ फिरत असल्यामुळे पीठ तापत नाही, म्हणून घराटाच्या पिठाची चव डोंगरातील माणूस अजून वाखाणतो. उणीव एकच, पण मोठी. उघडी पन्हळ आणि सपाट पाती यांमुळे पाण्यातील बरेचसे बळ फुकट जाते.

या घराटांच्या प्रदेशाच्या पायथ्याशी, हरिद्वारपासून फार दूर नाही अशा रुडकी गावी, १८४७ साली एक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याचा जन्म पाण्यासाठीच झाला, पण ते पाणी मैदानासाठी होते. १८३७-३८ च्या दुष्काळाने गंगा-यमुनांचा दुआब होरपळून निघाला होता, आणि प्रोबी कॉटली याने गंगेचे पाणी हरिद्वारला अडवून कालव्याने खाली नेण्याचे काम हाती घेतले होते. त्या कामास हुशार हातांची गरज होती. प्रांताचे उपराज्यपाल जेम्स थॉमसन यांनी ती ओळखली, आणि पुढे त्यांचेच नाव महाविद्यालयास मिळाले. १८५४ च्या एप्रिलमध्ये कालवा सुरू झाला. रुडकीजवळ सोलानी नदीवरून तो जेथे ओलांडून जातो, तेथील जलसेतू आणि त्याच्या टोकांवरचे दगडी सिंह आजही उभे आहेत.

कालव्याने लक्षावधी लोकांच्या तोंडी घास घातला, हे कोणी नाकारू नये. पण रुडकीच्या विद्येने पुढे शंभरावर वर्षे पाण्याकडे पाहिले ते ते हरिद्वारला उतरल्यानंतर. गेल्या शतकाच्या विसाव्या-तिसाव्या दशकांत बहादराबाद, भोला, सुमेरा अशा ठिकाणी कालव्याच्या उतारांवर वीजघरे उभी राहिली, आणि त्या विजेवर मैदानातील नलिकाकूप चालू लागले. उतारावरून पडणारे पाणी चक्र फिरवते, हे तत्त्व घराटाचेच होते. परंतु घराट हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, असे त्या काळी फारशा कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

सरकारला मात्र डोंगरातील पाणी दिसत होते. १९१७ साली कुमाऊंसाठी जलनियम झाले, आणि गावाच्या परंपरागत हक्कांवर शासनाची देखरेख आली. स्वातंत्र्यानंतर, १९७५ साली, कुमाऊं-गढवालच्या पाण्यासंबंधी झालेल्या कायद्याने ते हक्कच संपुष्टात आणले. ज्या ओढ्यावर आजोबा-पणजोबांनी घराट बांधले, त्या ओढ्यावरील आपला हक्क असा कागदाच्या एका फटकाऱ्याने जावा, याचे शल्य डोंगरात राहिले, आणि ते गैर होते असे म्हणवत नाही.

डोंगर आणि मैदान यांचे नाते किती घट्ट आहे, ते १९७० साली निसर्गानेच दाखवून दिले. त्या वर्षीच्या जुलैत अलकनंदेला महापूर आला. बेलाकुची हे यात्रामार्गावरील ठाणे वाहून गेले, आणि पुराने आणलेल्या गाळाने खाली हरिद्वारजवळ गंगेच्या कालव्याचे तोंड बुजले. वरच्या उतारांवरील जंगलतोडीकडे चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सहकारी बोट दाखवू लागले. १९७३ साली चिपको आंदोलन उभे राहिले, ते याच खोऱ्यात.

रुडकीचे महाविद्यालय १९४९ साली विद्यापीठ झाले होते. स्वतंत्र भारतातील ते पहिले अभियांत्रिकी विद्यापीठ. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव भडकले आणि देशाचे लक्ष ऊर्जेच्या लहानसहान उगमांकडे वळले. त्याच ओघात, १९८२ साली, रुडकी विद्यापीठात पर्यायी जलऊर्जा केंद्राची स्थापना झाली. मोठ्या धरणांच्या विद्येवर ज्यांचा पिंड पोसला, त्या संस्थेत आता काही किलोवॉटचा हिशेब मांडला जाऊ लागला. पुढे, २००१ साली, हेच विद्यापीठ भारतीय प्रौद्योगिकी संस्था झाले.

घराटाकडे यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहिले की सुधारणा कोठे कराव्यात ते स्पष्टच होते. उघड्या पन्हळीच्या जागी बंद नळ, लाकडी पात्यांच्या जागी खोलगट धातूची पाती, आणि दगडावर घासणाऱ्या खुंट्याच्या जागी छऱ्यांचे बेअरिंग. एवढ्याने त्याच पाण्यावर घराट सुमारे दुप्पट दळू लागते. पट्टा चढवून त्यास जनित्र जोडले, तर तीन ते पाच किलोवॉट वीजही मिळते. दिवसा पीठ आणि रात्री गावात दिवे, अशी ही योजना.

खरी अडचण पुढेच होती. घरोघरचे दिवे मालवले की जनित्रावरचा भार उतरतो, चक्र बेफाम होते, आणि विजेचा दाब वाढून उरलेले दिवे जळतात. मोठ्या वीजघरात यासाठी वेगनियामक असतो. पण त्याची किंमत घराटाच्या किमतीहून अधिक! त्यावर तोड निघाली ती इलेक्ट्रॉनिक भारनियंत्रकाची. गावाने न वापरलेली वीज हे उपकरण तापणाऱ्या तारांच्या वेटोळ्यात वळवते. त्यामुळे जनित्रावरचा एकूण भार सारखा राहतो, आणि पाण्याला हात लावावा लागत नाही. टोपलीखालची नाचरी काठी धान्याचे जे करीत होती, त्याच जातीचे काम हे उपकरण विजेचे करते. १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हिमालयात लहान जलविद्युत केंद्रांचा मोठा उपक्रम झाला. त्यात घराटांच्या सुधारणेचाही समावेश होता. केंद्र सरकारने पुढे घराटांसाठी अनुदानही ठेवले.

मग घराटांचे भाग्य उजळले काय? काही ठिकाणी उजळले, सर्वत्र नाही. लाकडी पाते मोडले तर गावचा सुतार नवे घडवून बसवीत असे. धातूचे चक्र झिजले, बेअरिंग गेले, की खाली शहराची वाट धरावी लागते. नियंत्रकातील एक सुटा भाग जळाला तर महिनोन्‌महिने अंधार. पावसाळ्यात पाटात गाळ येतो, उन्हाळ्यात ओढा आटतो. तशात रस्त्याबरोबर डिझेलची चक्की येते, खांबांबरोबर सरकारी वीज येते, आणि दोन मैल उतरून ओढ्याकाठी जाणाऱ्या स्त्रीला दारातली चक्की अधिक सोयीची वाटली, तर तिला दोष कसा द्यावा? धान्याचे ओझे तिच्याच पाठीवर असे. जेथे गावाने समिती नेमून दरमहा वर्गणी गोळा केली, चालवणाऱ्यास वेतन दिले आणि दुरुस्तीसाठी पैसा बाजूस ठेवला, तेथे अशी यंत्रे टिकण्याची आशा असते. प्रयोगशाळेला हे शिकावयास वेळ लागला. नकाशात समितीसाठी रकाना नसतो.

२०१३ च्या जूनमध्ये केदारनाथच्या महापुराने मंदाकिनीच्या काठचे जे वाहून नेले, त्यात माणसे, घरे, पूल यांबरोबर जलविद्युतेची कामेही होती. आणि त्याआधी दोन वर्षे, २०११ च्या जनगणनेत, पौडी गढवाल आणि अल्मोडा या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटलेली आढळली. तरुण मंडळी देहरादून, दिल्लीकडे निघून जातात. कित्येक गावांत मागे राहतात ती म्हातारी माणसे. रुडकीतील ते केंद्र आता जल व पुनर्नवीकरणीय ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाले आहे, आणि तेथे लहान जलविद्युतेचे अध्ययन-अध्यापन चालूच आहे. वर खोऱ्यांत काही घराटे अजून फिरतात. त्यांतील काहींची चक्रे धातूची आहेत, तर पुष्कळांची अद्याप लाकडीच.