हकिमाची नोंद आणि पुण्याची चाळणी

हिजरी ४४६ (इ.स. १०५४-५५) साली मिथुन राशीत एक नवा तारा दिसला आणि त्याच सुमारास साथ पसरली, अशी नोंद बगदादचा हकीम इब्न बुतलान याने केली आहे. (तो ख्रिस्ती होता. अरबी नाव दिसले की आपण लगेच मुसलमान ठरवून मोकळे होतो, म्हणून सांगितले.) तेराव्या शतकात वैद्यांची चरित्रे लिहिणाऱ्या इब्न अबी उसैबियाने हे टिपण उतरवून घेतले. ताऱ्याशी त्याला काही कर्तव्य नव्हते, तरी तेवढा मजकूर त्याने गाळला नाही. म्हणूनच चिनी लोकांनी १०५४ मध्ये पाहिलेल्या ताऱ्याशी ही नोंद १९७८ साली संशोधकांना जुळवता आली.

त्या स्फोटाचा अवशेष म्हणजे क्रॅब नेब्युला. त्याच्या पोटातला तारा सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेतो आणि क्ष-किरण फेकतो. ते वातावरणातून जमिनीपर्यंत येत नाहीत. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या यंत्राने ते टिपले. यंत्रात १६,३८४ बारीक चौकटी आहेत. काही चौकटी उगाच बडबडतात, शिवाय एखादा वैश्विक कण आदळला की नोंदींचा घोळकाच उठतो. हे हाताने निवडणे अशक्य. ते काम सॉफ्टवेअर करते, आणि ही विदा हाताळणारे केंद्र आपल्या सोलापूरपासून अडीचशे किलोमीटरवर, पुण्याच्या आयुकात आहे.

पण काय गाळायचे, हे आधी माणूसच ठरवतो. शेजारच्या दोन चौकटींत एकाच वेळी उमटलेली जोडनोंद सहज कचरा वाटेल. अशाच जोडनोंदींवरून क्रॅबच्या किरणांचे ध्रुवीकरण मोजले गेले, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, चाळणीचे नियम मंद, स्थिर स्रोतांसाठी बेतलेले होते. क्षणभर भडकणाऱ्या गॅमा-किरण स्फोटांना ते नीट लागू पडत नव्हते. २०२१ मध्ये संशोधकांनी नवे नियम मांडले.

जुन्या कागदांत डोके घालणाऱ्या मला हे फार ओळखीचे वाटते. आपल्या दख्खनच्या इतिहासातही कितीतरी नावे कोणाच्या तरी चाळणीतून खाली पडली. फरक एवढाच की तिथे मूळ कागदही बऱ्याचदा उरलेला नसतो. ॲस्ट्रोसॅटची कच्ची विदा मात्र चाळलेल्या विदेसोबत जपून ठेवलेली आहे, आणि विजापूर वेशीत बसलेल्या एखाद्या बी.एस्सी.च्या पोरालाही ती मागता येते.