शून्य थोडं सरकवलं तर?

पंचांगात इसवी सनाशेजारी शालिवाहन शकही असतो. १९८५ च्या दिवाळीत शके १९०७ चालू होतं. फरक ७८ चा. काळ तोच, मोजणीची सुरुवात तेवढी सरकलेली. संगणकातही अशाच एका सरकवण्याचा इतिहास आहे.

संगणकाला कळतात फक्त ० आणि १. मग उणे संख्या लिहायची कशी? पूर्णांकांसाठी आज रूढ असलेल्या पद्धतीत आठ बिटांमध्ये +१ म्हणजे ०००००००१, आणि -१ म्हणजे ११११११११. नुसतं बघितलं तर उणे एकच मोठा वाटतो! खूप मोठ्या किंवा खूप लहान संख्या आपण शाळेत १० चा घात वापरून लिहायचो. संगणक बहुधा २ चा घात वापरतो. हा घातांक उणेही असू शकतो. म्हणून युक्ती अशी की घातांकात एक ठरावीक आकडा, समजा १२७, मिळवून तो साठवायचा. -१ चा झाला १२६, +१ चा १२८. लहान ते लहानच राहिलं, मोठं ते मोठं. तुलना एकदम सोपी!

अडचण वेगळीच होती. मिळवायचा आकडा कोणता, हे जो तो आपापलं ठरवत होता. आयबीएमच्या ७०४ यंत्रात (१९५४) तो १२८ होता. त्याच कंपनीच्या सिस्टिम/३६० मध्ये (१९६४) ६४ झाला, आणि घात चक्क १६ चा! डेकच्या व्हॅक्समध्ये (१९७७) पुन्हा १२८. शिवाय अचूकतेचे नियमही निरनिराळे. त्यामुळे एकच गणित दोन यंत्रांवर केलं तर उत्तरं वेगळी येऊ शकत. शास्त्रज्ञ आणि इंजिनियर यांच्या डोक्याला हा मोठाच ताप होता.

बर्कलीचे प्राध्यापक विल्यम काहान यांनी इंटेलच्या ८०८७ या चिपच्या (१९८०) निमित्ताने हे नियम नीट बांधले. समितीत वाद भरपूर झाले. शून्याच्या अगदी जवळच्या संख्यांचं काय करायचं, यावर इंटेल आणि डेक यांचं जमेना. शेवटी १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे प्रमाण मान्य झालं: ३२ बिटांच्या संख्येत १२७, ६४ बिटांच्या संख्येत १०२३. काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

युक्ती जुनीच होती. सगळ्यांनी मिळून एक आकडा मानला, तेव्हा ती खऱ्या अर्थाने कामाची झाली. आज एक्सेलमध्ये घरखर्च मांडताना प्रत्येक बेरजेमागे तो १०२३ असतो. तीच फाइल पुण्याला भावाकडे पाठवा, त्याचं मशीन कुठल्याही कंपनीचं असो, आकडा तोच उघडतो.