जुन्या लॅपटॉपला एसएसडी-रॅम टाकायची की नवाच घ्यायचा? हैदराबाद गाठण्याआधी हे तपासा

नांदेड : देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर या पट्ट्यात लॅपटॉपचे मोठे काम निघाले की लोक मुंबई-पुण्याकडे नाही, हैदराबादकडे बघतात. सिकंदराबादच्या पार्कलेनमधले चिनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले 'सीटीसी', हे त्यांचे ठरलेले ठिकाण. मेट्रोचे पॅरडाइज स्थानक तिथून जवळ पडते. सुटे भाग, दुरुस्ती, नवे आणि वापरलेले लॅपटॉप सगळे एकाच ठिकाणी. पण नेमके काय घ्यायचे हे घरून ठरवून गेले नाही, तर दुकानदार सांगेल ते घेऊन परतावे लागते.

सात-आठ वर्षे जुना लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटे घेतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो, फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. टास्क मॅनेजर उघडून पाहावे. काही न करता डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर डिस्क बदलायची. मेमरी कायम ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. तिथेच मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसते. दोन्ही ठीक असूनही मशीन तापते आणि अडखळते, तर आधी पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून पाहावी. हे काम गावातही होते, त्यासाठी हैदराबाद कशाला?

लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. खरा फरक लहान-लहान फायली शोधताना पडतो. तिथे फिरत्या डिस्कचा दम निघतो. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी बसते. ज्यात एम डॉट टू स्लॉट आहे त्यांनी जपून राहावे, कारण हा स्लॉट साटाचाही असतो आणि एनव्हीएमईचाही. दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरे चालेलच असे नाही. मॉडेल नंबर कागदावर लिहून न्यावा, त्याहून बरे म्हणजे लॅपटॉपच सोबत न्यावा.

रॅमचेही तसेच. डीडीआर-थ्री-एल, डीडीआर-फोर, डीडीआर-फाइव्ह यांच्या खाचा वेगळ्या, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. चारवरून आठ जीबी केले की टॅली, ब्राउझर आणि व्हॉट्सअॅप एकत्र चालवणाऱ्याला फरक लगेच कळतो. आठवरून सोळा करण्याची गरज कोडिंग, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना. अमीरपेठेत क्लास लावलेल्या पोरांनी मात्र सोळाचाच विचार करावा. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख दिलेली असते, तिथे वाढवायचा प्रश्नच येत नाही. नवा घेतानाही हे विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम आणि एसएसडीचे भाव चढले. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा किरकोळ बाजारातला ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मित्राने किती दिले त्यावर अंदाज बांधू नये.

खरी मेख आहे विंडोजची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली, त्यासाठी नोंदणी लागते. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० हवे. आय-फाइव्हनंतरचा आकडा ८२५० असेल तर आठवी पिढी, ७२०० असेल तर सातवी. आठवी किंवा पुढची असेल तर पैसे घालायला हरकत नाही. सहावी-सातवी असेल तर फार तर एक एसएसडी टाकावी, पुढे लागली तर ती काढून बाहेरून जोडून वापरता येते. डीडीआर-थ्रीची रॅम मात्र त्या लॅपटॉपसोबतच जाते. बँकेचे व्यवहार, आधार, पॅनची कामे करणाऱ्या सेवा केंद्रांनी अपडेट बंद झालेल्या मशीनवर लोकांची कागदपत्रे हाताळू नयेत. लिनक्स चालवायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण टॅली आणि जुन्या मराठी फाँटवाल्या डीटीपी ऑपरेटरांना ती जमत नाही.

व्यापाऱ्यांसाठी हिशेबाची बाजूही पाहू. प्राप्तिकरात कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के. ५० हजारांचा लॅपटॉप पाच वर्षांनी वहीत ३,८८८ रुपयांचा उरतो. म्हणजे वहीत तो संपल्यातच जमा. तरी चालू मशीनला थोडक्यात आणखी दोन-तीन वर्षे मिळत असतील तर ती कमाईच. पण बॅटरी, कीबोर्ड, बिजागरी असा सगळाच खर्च एकत्र आला आणि तो नव्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुढे गेला, की जुन्यात पैसा घालू नये.

मधला रस्ता हैदराबादेतच सापडतो. आयटी कंपन्यांतून निघालेले लॅटिट्यूड, थिंकपॅड, एलिटबुक असे लॅपटॉप दुरुस्त करून तिथे विकले जातात. बांधणी दणकट, रॅम बहुतेकांत वाढवता येते. घेताना बायोसला पासवर्ड नाही ना, बॅटरी किती उरलीय, सगळे यूएसबी चालतात का, हे दुकानातच पाहावे. जीएसटीचे बिल आणि वॉरंटीचे दिवस लेखी घ्यावेत. देगलूरहून पुन्हा चक्कर मारण्याचे भाडेही किमतीत धरायला हवे.

डिस्क बदलण्याआधी डेटाची प्रत दुसरीकडे काढलीच पाहिजे. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी. यंत्रच बदलणार असाल तर टॅलीचा परवाना जुन्यावरून आधी सरेंडर करावा. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे फक्त एसएसडी बदलली तर तो जात नाही. 'नवीन विंडोज टाकावी लागेल' म्हणून वेगळे पैसे मागितले तर ते परवान्याचे की मजुरीचे, हे विचारावे. जुनी डिस्क दुकानात सोडू नये. शे-दोनशे ग्राहकांची आधारकार्डे तिच्यात असू शकतात. यूएसबी केसिंगमध्ये घातली की बॅकअपला कामी येते.