कोल्हापूरच्या गाडीत बसण्याआधी गंज पेठ

सुट्टी लागली की स्वारगेट स्टँडवर कोल्हापूरच्या एसटीला ही गर्दी! अंबाबाई, पन्हाळा, आणि हल्ली तिसरं ठिकाण म्हणजे कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. यंदा आम्हीही पोरांना घेऊन निघणार आहोत. घरच्या ग्रुपवर एकानं लगेच लिहिलं, "दाखवा मुलांना, पूर्वी गाव कसं गुण्यागोविंदानं नांदायचं." त्या वाक्याशी मी अडलो.

कणेरी पाहण्यासारखं आहे, याबद्दल वाद नाही. उघड्यावर उभं केलेलं अख्खं गाव, माणसाएवढे सिमेंटचे पुतळे, कुंभार, लोहार, सुतार, सगळे आपापल्या कामात. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला बलुतं हा शब्द पुस्तकातून कळत नाही, तिथं निदान डोळ्यांना दिसतो.

पण बलुतं म्हणजे नुसते बारा व्यवसाय नव्हेत. वर्षभर राबायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. तोही सगळ्यांना सारखा नाही. बलुतेदारांच्या ओळी असत, थोरली, मधली, धाकटी, आणि ओळीप्रमाणे वाटा. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा'त (१९१५) हा सगळा हिशेब सापडतो. आणि महारकीचं काय? निरोप पोचवा, वेशीवर राखण करा, मेलेलं ढोर ओढा. सरकारी काम वेगळंच, त्याला ना वेळ ना काळ. बदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुतं. ही वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. म्हणजे आमच्या आजोबांच्या डोळ्यांदेखतची गोष्ट, शिवकाळातली नव्हे!

आता हे पुतळ्यातून दाखवायचं कसं? पुतळा काम करताना दिसतो, त्याला नाही म्हणायची सोय होती की नाही ते दिसत नाही.

असा पेच इतरांनाही पडलाय. स्वीडनमध्ये आर्थर हाझेलियसनं १८९१ ला स्कान्सेन उघडलं, ठिकठिकाणची जुनी घरं उचलून आणून मांडली. जगभरच्या असल्या संग्रहालयांची ती आजी. अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गला तर अठराव्या शतकातलं गावच पुन्हा उभं केलंय, त्या काळच्या पोशाखातली माणसं तुमच्याशी बोलतात. मूळ गावातले निम्मे लोक काळे, बहुतेक गुलाम. तरी कित्येक वर्षं पाहुण्यांना मुख्यतः गोऱ्यांचंच गाव दिसायचं. १९९४ च्या ऑक्टोबरात तिथल्या कृष्णवर्णीय कलाकारांनीच गुलामांच्या लिलावाचा प्रवेश भररस्त्यात केला. आमच्या दुःखाचा तमाशा करू नका, म्हणून निदर्शनं झाली. विरोधाला आलेल्या एका नेत्यानं मात्र प्रवेश पाहिल्यावर आपलं मत बदललं. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं, खोटं कशाला सांगू.

म्हणून आमचा बेत थोडा बदललाय. कोल्हापूरच्या आदल्या दिवशी गंज पेठ. स्वारगेटपासून चालत जाता येतं, रिक्षा केली तर रिक्षावाला कुरकुर करेल इतकं जवळ. तिथं फुलेवाड्यात पाण्याचा हौद आहे. जोतीरावांनी १८६८ साली तो अस्पृश्यांना खुला केला. पुण्यात तेव्हा पाणी नव्हतं असं थोडंच आहे? पेशव्यांनी कात्रजहून नळ बांधून शहरात आणलेलं पाणी होतं, हौद होते. ते कुणाला भरता येई, हा प्रश्न होता.

हौदापाशी पोरांना एवढंच सांगणार आहे, की उद्या कणेरीला विहीर किंवा पाणवठा दिसला की त्या गावातल्या एकेका पुतळ्याकडे बघून ठरवा, हा माणूस इथं पाणी भरू शकला असता का. धाकटी दर पुतळ्याला थांबणार, हे नक्की. तेव्हा सकाळची पहिली गाडी धरलेली बरी.